वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर जेवणाच्या वेळा आणि ताटात उरणारं अन्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवण्याचं, ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर काय खायचं ते नीट लिहिलेलं होतं. कधी खायचं आणि संपलं नाही तर काय करायचं, हे आपल्याला ठाऊक नाही, ते मात्र पहिली वाटी समोर आल्यावर कळलं. पुढे नव्याने ऑपरेशन झालेल्यांशी बोलायला लागले, तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांची घालमेल याच दोन गोष्टींपाशी होते. त्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने किंवा डाएटिशियनने दिलेला तक्ता आणि इथलं काही जुळत नसेल तर त्यांचंच ऐका.

मला भूकच लागत नाही. मग वेळ झाली म्हणून का खायचं?

कारण सध्या भूक हा भरवशाचा निरोप्या राहिलेला नाही. घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढून टाकतात, त्यात हा भाग जातो. बायपास या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठर काढत नाहीत, वरच्या टोकाची छोटी पिशवी करतात, आणि अन्न बाकीच्या जठराला वळसा घालून पुढे लहान आतड्यात उतरतं. दोन्हींत अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि ‘पोट भरलं’ असं सांगणारी संप्रेरकं जास्त सुटतात. त्यामुळे पहिले काही महिने दुपार टळून गेली तरी जेवणाची आठवणच होत नाही. बऱ्याच जणांना भूक नंतर हळूहळू परत जाणवू लागते, कुणाला सहा महिन्यांत, कुणाला वर्षाने.

भूक गेली तरी शरीराची गरज जात नाही. प्रौढ माणसाला ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगतात. एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम मिळतं. सुरुवातीला अर्धं अंडंच जातं, म्हणजे ३ ग्रॅम. आता हिशोब करा. एक वेळ राहून गेली की ती भरून काढायला जागाच नसते, कारण पुढच्या वेळीही तेवढंच मावणार. असं रोज होत गेलं तर चरबीसोबत स्नायूही झडतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं अनेकांना होतंच, प्रोटीन कमी पडलं की ते आणखी वाढतं.

म्हणून मी नव्या लोकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: जेवायला बसायचं घड्याळ पाहून, उठायचं पोटाचं ऐकून. ताटात किती उरलंय याचा या दोन्हींशी संबंध नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी याच गोष्टीकडे परत येणार आहे.

दिवसातून किती वेळा आणि किती अंतराने खायचं?

ते तुम्ही कुठल्या टप्प्यावर आहात त्यावर ठरतं. पहिले दोन आठवडे साधारण पातळ पदार्थांचे असतात. त्या काळात ‘जेवण’ असं काही नसतंच, दिवसभर घोट-घोट घेत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्युरी, त्यानंतर दोनेक आठवडे मऊ पदार्थ, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचं अन्न. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी आपली तुलना करू नका.

प्युरी आणि मऊ पदार्थांच्या दिवसांत पाच-सहा छोटी खाणी लागतात, कारण एका वेळी दोन-चार चमचेच जातात. नेहमीचं अन्न सुरू झालं आणि थोडं जास्त मावू लागलं, की तीन जेवणं आणि मध्ये ठरवून एक किंवा दोन छोटी खाणी, असं बसवायचं. दोन खाण्यांत तीन ते चार तासांचं अंतर. माझं गणित आजही तेच आहे: सकाळी आठ, दुपारी साडेबारा, चारला काहीतरी प्रोटीनचं, आणि रात्री साडेसात. तुमच्या वेळा वेगळ्या असतील. वेळा कुठल्या हे फार महत्त्वाचं नाही, त्या रोज त्याच असाव्यात हे महत्त्वाचं.

सुरुवातीला मोबाइलवर गजर लावा. भूक आठवण करून देणार नाही, तेवढं काम गजराला द्या.

एका जेवणाला किती वेळ द्यायचा?

वीस ते तीस मिनिटं. त्याहून लवकर संपत असेल तर घास मोठे आहेत किंवा चावणं कमी पडतंय. एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, तोंडात तो अगदी मऊसूत झाला की मगच गिळायचा, आणि चमचा खाली ठेवायचा. खरोखर खाली ठेवायचा. हातात चमचा असला की तो आपोआप भरला जातो.

अर्ध्या तासानंतर मात्र उठा, उरलं असेल तरी. तासभर ताटापुढे बसून राहिलं की आधी खाल्लेलं खाली सरकत जातं, वर जागा होत राहते, आणि जेवण कधी संपलं हे पोटाला कळतच नाही. एखादे दिवशी अर्ध्या तासात चारच घास गेले तर चार घास. पुढची वेळ आहेच.

जेवताना पाणी का प्यायचं नाही? घोटभरसुद्धा नाही?

घोटभरसुद्धा नको, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास थांबा. काही ठिकाणी जेवणाआधीही पंधरा ते तीस मिनिटं पाणी बंद ठेवायला सांगतात. कारणं दोन. पोट आता छोटं आहे. बायपासनंतरची पिशवी सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते, स्लीव्हची नळी त्याहून मोठी, तरी १००-१५० मिलीच्या आसपासची. त्यात पाणी गेलं की अन्नाला जागा उरत नाही, मळमळ होते. दुसरं म्हणजे घट्ट अन्नावर पाणी गेलं की ते पातळ होऊन लवकर खाली उतरतं. मग तासाभरात परत खावंसं वाटतं.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: मग दिवसाचं पाणी पूर्ण कसं व्हायचं? किमान दीड लिटर सांगतात. जागेपणाचे पंधरा तास धरा. तीन जेवणांचा प्रत्येकी अर्धा तास आणि त्यानंतरचा अर्धा तास मिळून तीन तास वजा करा. उरले बारा. म्हणजे तासाला १२५ मिली, अर्ध्या पेल्याहून थोडं जास्त. असं वाटून घेतलं की ते डोंगराएवढं वाटत नाही. बाटलीवर पेनने तासांच्या खुणा करणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचंच पाणी नीट पूर्ण होतं. घसा कोरडा पडला तर जेवणाच्या मध्ये चूळ भरा, ती चालते.

पोट भरलं हे ओळखायचं कसं? पूर्वीसारखं ‘गच्च’ वाटत नाही.

गच्च वाटेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. नव्या पोटाच्या खुणा वेगळ्या असतात आणि प्रत्येकाची आपापली एक ठरलेली असते. छातीच्या हाडाखाली, मधोमध, हलका दाब येतो. कुणाला एक उचकी लागते. कुणाचं नाक वाहू लागतं, कुणाला शिंक येते, कुणी नकळत दीर्घ श्वास सोडतं. माझी खूण उचकी आहे. एकच येते, पुन्हा येत नाही.

ती मी कशी शिकले ते सांगते. मऊ पदार्थ सुरू झाले होते. समोर एक उकडलेलं अंडं, बशीत बारीक कुस्करलेलं. वीस मिनिटांत निम्म्याहून जास्त गेलं, उचकी आली, मी चमचा ठेवला. बशीत कडेला पिवळ्या बलकाचा सुपारीएवढा गोळा राहिला होता. आई समोर बसली होती. ती म्हणाली, ‘एवढंसंच तर राहिलंय.’ मला ते पटलं, आणि मी तो घास घेतला. पुढची चाळीस मिनिटं मी न्हाणीघराच्या कडेला वाकून उभी होते. छातीत कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं, तोंडात सारखी फेसाळ लाळ, आणि शेवटी तो घास आणि त्याच्या आधीचेही चार-पाच वर आले. आई बिचारी पाठीवर हात फिरवत राहिली. त्या दिवसानंतर तिने मला ‘एवढंसं राहिलंय’ कधी म्हटलं नाही, आणि उचकीनंतर मी कधी घास घेतला नाही.

घास असा अडकला तर काय करायचं? खाणं तिथेच थांबवा. उठून हळूहळू चाला, खांदे सैल सोडा. वरून पाणी ओतू नका, त्याने तो खाली जात नाही, दाब मात्र वाढतो. बहुतेक वेळा थोड्या वेळात मोकळं होतं. काही तासांनीही लाळसुद्धा गिळता येत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

ताटात निम्मं उरतं. टाकवत नाही, खाववत नाही. काय करू?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात, जणू काही गुन्हा कबूल करताहेत. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

‘ताटात टाकायचं नाही’ हे आपण बोलायला शिकलो तेव्हापासून ऐकत आलोय. ते चुकीचं नाही. अन्नामागे कुणाचे तरी कष्ट असतात, ते वाया जाऊ नये असं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या शिकवणीचा अर्थ ‘वाढलेलं सगळं पोटात गेलं पाहिजे’ असा आपणच लावून घेतला. जास्तीचा घास पोटात गेला काय आणि कचऱ्यात गेला काय, तो उपयोगी पडला नाही हे दोन्हीकडे सारखंच. फरक इतकाच की पोटात गेला तर उलटी होते, आणि रोज जायला लागला तर पोटाची ‘पुरे’ सांगण्याची खूण हळूहळू आपल्याला ऐकू येईनाशी होते. ऑपरेशनने तुम्हाला जे दिलंय त्यातली ही खूण सर्वांत मोलाची आहे. पुढे भूक परत आल्यावर तीच सोबत असते.

तेव्हा उरू नये म्हणून खाऊ नका, उरू नये म्हणून कमी वाढून घ्या. मोठं ताट बाजूला ठेवा, बशी किंवा छोटी वाटी घ्या. सुरुवातीला दोन मोठे चमचे एवढंच वाढा. लागलं तर परत घेता येतं, पण मोठ्या ताटात हरवलेले चार घास बघून मन उगाच खट्टू होतं. चमचाही लहान घ्या, बाळाला भरवायचा असतो तसा.

आणि जेवायला बसण्याआधीच झाकणाचा छोटा डबा शेजारी ठेवा. ही माझी सगळ्यात कामाला आलेली सवय. उरलेलं ‘टाकायचं’ नसतं, डब्यात ‘ठेवायचं’ असतं. एकदा झाकण लागलं की ते आजचं उरलेलं राहत नाही, उद्याचं जेवण होतं. मनाला हा फरक फार मोठा वाटतो.

उरलेलं तासाभराने संपवलं तर?

नको. पोटाला त्रास होणार नाही कदाचित, आणि अडचण तीच आहे. मावत नाही म्हणून ठेवलेलं तासाभराने दोन घास, मग येता-जाता आणखी एक, असं दिवसभर चालू राहतं. याला डाएटिशियन ग्रेझिंग म्हणतात, आणि गमावलेलं वजन परत येण्याच्या ठळक कारणांत हे मोडतं. छोट्या पोटाचा अंकुश एका बैठकीत किती जातं यावर असतो. दिवसभर चरत राहिलं की तो अंकुश राहतच नाही. यातून मऊ, कुरकुरीत आणि गोड गोष्टी तर सर्रास निसटतात, कारण त्या चावून पाण्यासारख्या होतात आणि पोट भरल्याचं कळूच देत नाहीत.

याला अपवाद एकच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा पाच-सहा वेळा खायचंच असतं, तेव्हा सकाळच्या वाटीतलं उरलेलं पुढच्या ठरलेल्या वेळी खाल्लं तर ते योग्यच. फरक वेळेचा आहे. ठरलेल्या वेळी, बसून, वाटीत घेऊन खाल्लेलं ते खाणं. ओट्यापाशी उभ्याने डब्यातून चमचा मारला ते चरणं.

उरलेलं अन्न किती दिवस चालतं?

शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या खाली. तिथे तीन, फार तर चार दिवस. उथळ डब्यात ठेवा म्हणजे लवकर गार होतं. परत गरम करताना मधोमधसुद्धा वाफाळेपर्यंत गरम करा (थर्मामीटर असेल तर ७४ अंश), आणि एकदाच. गरम करून पुन्हा उरलं तर ते टाका, तेव्हा मन घट्ट करायचं. भात शिजवून बाहेर ठेवू नका. त्यातले काही जिवाणू विष तयार करतात आणि ते गरम केल्याने जात नाही. नव्या पोटाला दोन दिवस उलट्या-जुलाब परवडत नाहीत, पाणी फार झटकन कमी पडतं.

प्युरीच्या दिवसांत मी बर्फाच्या ट्रेत भरून गोठवत असे. माझ्या ट्रेचा एक खण साधारण दोन मोठ्या चमच्यांचा होता. एका वेळी एक किंवा दोन खडे काढायचे, गरम करायचे. उरायचा प्रश्नच येत नसे.

नेहमी निम्मंच जातं, तर आधी काय खाऊ?

प्रोटीन. अंडी, मासे, चिकन, पनीर, टोफू, घट्ट दही, कडधान्यं, यांतलं जे तुम्ही खाता ते. त्यानंतर भाज्या, आणि शेवटी जागा असली तर भात, पाव वगैरे. मऊ पाव आणि चिकट भात तसेही पुष्कळांना अडकतात, गोळा होऊन बसतात. उरणार तर आहेच, मग जे उरलं तरी चालेल ते उरू दे.

काल जेवढं गेलं तेवढं आज जात नाही. काही बिघडलं का?

एखाद्या दिवसाचा फरक असेल तर बहुधा नाही. बऱ्याच जणांना सकाळी पोट आवळल्यासारखं वाटतं आणि दुपारनंतर सैल होतं. झोप झाली नाही, मन अस्वस्थ असलं, पाळी आली, पाणी कमी पडलं, तरी कमी जातं. पदार्थानेही फरक पडतो. काल रसदार मासा होता आणि आज परत गरम केलेलं कोरडं चिकन, तर निम्मंच जाणार. कोरड्या गोष्टीत थोडं सूप किंवा दही मिसळा.

पण रोख बघा. आधी मऊ पदार्थ जात होते, आता प्युरीच जाते, आणि चार दिवसांनी पाणीच तेवढं जातं, असं उलट्या दिशेने चाललं असेल तर ते साधं नाही. बायपासमध्ये पिशवी आतड्याला जोडलेली जागा किंवा स्लीव्हची नळी आक्रसलेली असू शकते. एंडोस्कोपीने हे कळतं आणि बऱ्याचदा तिथेच फुग्याने रुंद करून सुटतं. कित्येक लोक ‘वजन छान उतरतंय’ म्हणून गप्प बसतात. तसं करू नका, फोन करा.

दुपारचं जेवण राहून गेलं. रात्री दुप्पट घेऊ?

नाही. आठवण झाली तेव्हा छोटंसं प्रोटीनचं खाणं किंवा प्रोटीन शेक घ्या, आणि रात्रीचं नेहमीएवढंच.

जेवल्यावर घाम येतो, धडधडतं, झोपावंसं वाटतं. हे काय?

याला डंपिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हमध्येही होऊ शकतं. ते कधी सुरू होतं हे घड्याळात बघून ठेवा, कारण प्रकार दोन आहेत आणि वेळेवरूनच ओळखू येतात.

जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत पोटात कळा, मळमळ, जुलाब, धडधड सुरू झाली तर ते लवकरचं डंपिंग. गोड किंवा दाट साखरेचं अन्न एकदम आतड्यात उतरतं, ते रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. साखर कमी करणं, हळू खाणं, पाणी वेगळं ठेवणं, यांनी बहुतेकांचं थांबतं.

एक ते तीन तासांनी थरथर, घाम, चक्कर, गोंधळल्यासारखं झालं तर ते उशिराचं. साखर झपाट्याने वर गेली म्हणून शरीराने जास्त इन्सुलिन सोडलं आणि आता ती खाली गेलीय. हे ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांनीही पहिल्यांदा उद्भवू शकतं. यात जेवण लांबवणं फार महागात पडतं. डॉक्टरांना नक्की सांगा, आणि तोवर असं होत असताना गाडी चालवू नका.

गोळ्या कधी घ्यायच्या? वेळापत्रक गिचमिड झालंय.

मुख्य धागा एक पकडा: कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये निदान दोन तास. कॅल्शियम लोह नीट शोषू देत नाही. कॅल्शियमही एकदम नाही, एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. म्हणजे जेवणाच्या वेळा ठरल्या की गोळ्या आपोआप त्यांच्या भोवती बसतात. मल्टिव्हिटॅमिन आणि बी-१२ आयुष्यभराचं आहे, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर इथे खास लक्ष द्या. पूर्ण जेवणाच्या हिशोबाने औषध घेतलं आणि ताटात निम्मं उरलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ऑपरेशननंतर हे डोस बहुधा कमी करावे लागतात. डॉक्टरांना नुसतं ‘जेवते’ सांगू नका, किती उरतं तेही सांगा.

रात्री उशिरा खाल्लं तर चालतं का?

झोपण्याआधी दोन ते तीन तास ठेवा. स्लीव्हनंतर आंबट वर येण्याचा त्रास होतो, आणि भरल्या पोटाने आडवं झालं की तो हमखास वाढतो.

माझी रात्रपाळी असते. मग?

तुमचा दिवस तुम्ही उठता तेव्हा सुरू होतो. उठल्यापासून तासाभरात पहिलं खाणं, तिथून तीन-चार तासांनी पुढचं. पाळी बदलणाऱ्यांनी दोन वेळापत्रकं लिहून ठेवावीत आणि दोन्हींचे गजर लावावेत. कामावर अर्धा तास सलग बसायला मिळत नसेल तर वरिष्ठांना आजाराचे सगळे तपशील सांगायची गरज नाही. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय, वेळेवर बसून खावं लागतं’ एवढं पुरतं.

घरचे आणि पाहुणे म्हणतात, ‘एवढंच? अजून घे ना.’ त्यांना काय सांगू?

प्रेमाने वाढणाऱ्याला नकार द्यायला जड जातं, हे मी जाणते. पण वादात पडू नका, पोटाचं शास्त्र समजावत बसू नका. ‘छान झालंय, माझं पोट भरलं, हे बरोबर नेते’ असं म्हणा आणि डबा पुढे करा. नेलेलं अन्न म्हणजे दाद असते, वाढणाऱ्यालाही ते कळतं. बाहेर खायला गेलात तर पदार्थ समोर येताच निम्मा बांधायला सांगा, खाऊन झाल्यावर नाही. जोडीदाराबरोबर एकच पदार्थ वाटून घेणं तर उत्तमच.

घरात मात्र एकदा नीट बसून बोला. ज्याने आयुष्यभर तुमच्यासाठी रांधलं, त्याला तुमचं उरलेलं ताट बघून आपलंच काही चुकलं असं वाटत असतं.

वर्षानंतर जास्त मावायला लागलंय. पोट ताणलं गेलं का?

थोडं जास्त मावणं अपेक्षितच आहे. सूज उतरते, पोट सैलावतं, आणि वर्षभरात बहुतेकांना एक-दीड वाटीपर्यंत जातं. एका मोठ्या जेवणाने पोट कायमचं ताणलं जात नाही, त्या भीतीने रात्री जागू नका. तरी शंका असेल तर आठवडाभर कागदावर लिहा: किती वाजता, काय, किती वाढलं, किती उरलं. चार रकाने. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा जेवण वाढलेलं नसतं, दोन जेवणांच्या मधलं वाढलेलं असतं, आणि ते तिसऱ्या दिवशीच कागदावर दिसतं.

कुठल्या वेळी थांबायचं नाही, लगेच दाखवायचं?

२४ तास पाणीसुद्धा टिकत नसेल तर. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताप, बसल्या जागी नाडी १२०च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, धाप किंवा पाय सुजणं यांपैकी काही झालं तर. उलटीत रक्त किंवा शौचाला काळं झालं तर. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली तीव्र दुखत असेल तर, कारण वजन भरभर उतरताना पित्ताचे खडे होतात. बायपास होऊन वर्षं लोटली असतील आणि पोटात अचानक असह्य कळा येत असतील, तर आतडं आत कुठे अडकल्याची शक्यता असते, सकाळची वाट बघू नका.

आणि उलट्या दोन-तीन आठवडे चालूच असतील, तर थायमिन म्हणजे बी-१ संपतं. त्याचा शरीरातला साठा मुळातच काही आठवड्यांपुरता असतो. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं आहेत, आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. आपत्कालीन विभागात गेलात तर पहिल्या वाक्यात सांगा: माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय, आणि इतके दिवस काही टिकत नाही.

लहान मुलं घरात आहेत. त्यांच्यासमोर ताटात ठेवून उठलं तर ती काय शिकतील?

मलाही ही काळजी होती. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, आणि तिला ताट संपवायला लावणारी मीच. एक दिवस तिने विचारलं, ‘तू ठेवलंस तर चालतं, मग मी का नाही?’ मी तिला उत्तर देऊ शकले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला आधी थोडं वाढायला लागले आणि पोट भरलं का ते तिलाच विचारायला लागले. हवं असेल तर परत मागायचं, नको असेल तर डब्यात ठेवायचं, हा नियम दोघींना सारखा. आता ती अकरा वर्षांची आहे. जेवताना मला उचकी लागली की डब्याचं झाकण तीच शोधून आणते.